अर्ध्याहून जास्त कंपनी दुसऱ्याने घेतली, आता जुनी गाडी घेऊ का सोडू?

पाचोरेकर_एमएच१९

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबडा आहे, चहा घेऊन बसा.

मी पाचोऱ्याचा, मेडिकलचं दुकान आहे. आठवड्यातून दोनदा जळगाव आणि महिन्या-दीड महिन्यातून सुरतला बहिणीकडे असं फिरणं असतं, म्हणून एक सेकंडहँड डिझेल एसयूव्ही बघी राहिलो. रावेरकडे एक मिळाली, २०१९ ची, ६८ हजार किलोमीटर, एकाच हातातली, आतून एकदम नीटनेटकी. मालक केळीचे व्यापारी आहेत पण गाडीत केळीचा वास सुद्धा नाही, एवढं सांभाळलंय. दिवाळीत सव्वासात लाख म्हणत होते आणि एक रुपया कमी करायला तयार नव्हते, आता स्वतः फोन करून पाच ऐंशीला घ्या म्हणताय.

कारण असं की ही गाडी बनवणारी कंपनी दोन-तीन वर्षं तोट्यात होती आणि आता तिच्याच एका स्पर्धक गाडी कंपनीने तिच्यात कंट्रोलिंग स्टेक घेतलाय. बातमी आल्यापासून व्यापाऱ्याचा धीर सुटलाय, ते म्हणता आता ही कंपनी गेली, वर्षभरात शोरूमला कुलूप लागेल, भंगाराच्या भावात जाईल त्यापेक्षा आत्ता काढतो. उलट माझा मेहुणा म्हणतो उलटंच होणार, मोठा मालक आलाय म्हणजे गाडीला चांगले दिवस, डोळे झाकून घे.

कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, गाडीवाले मामांच्या व्याह्यांच्या नात्यातले आहेत आणि इथे निम्मा जळगाव जिल्हा बसलेला असतो, लगेच ओळखतील.

तर मला एवढंच कळत नाहीये की कंट्रोलिंग स्टेक म्हणजे नेमकं काय झालं? ५१ टक्के घेतले म्हणजे कंपनी त्यांचीच झाली ना? मग जुन्या गाड्यांची वॉरंटी, पार्ट, सर्व्हिस हे सगळं आपोआप नव्या मालकाच्या गळ्यात पडतं का, का ते हात झटकू शकतात?

धुळे_अठरा

घेऊन टाक भो. दीड लाख खाली येऊन राहिलंय आणि तू विचार करतोय. टाटाने जग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हा पण लोक हेच रडत होते, आता बघ.

अमळनेरी_शेअरवाला

@धुळे_अठरा दादा, ते उदाहरण इथे बसत नाही. टाटाने २००८ मधे फोर्डकडून जग्वार लँड रोव्हर अख्खी घेतली होती, २.३ अब्ज डॉलर मोजून, त्यात दुसरा भागीदारच नव्हता. पाचोरेकर विचारताय ते अर्धवट मालकीचं, आणि गंमत सगळी त्या अर्धवटपणातच आहे.

आता मूळ प्रश्न. मी अमळनेरचा, आमच्याकडे लोकांना शेअर शिकवावे लागत नाहीत. विप्रो १९४५ मधे आमच्याच गावात वनस्पती तुपाची कंपनी म्हणून सुरू झाली आणि ज्यांनी त्या वेळचे कागद ट्रंकेत जपून ठेवले त्यांच्या नातवंडांनी बंगले बांधले. (आमच्या आजोबांनी विकले. तो विषय घरात काढायचा नसतो.)

तर ५१ टक्के हा काही जादूचा आकडा नाही. आपल्याकडे निम्म्याच्या वर मतं असली की साधे ठराव तुमच्या मनासारखे होतात, डायरेक्टर कोण बसणार ते तुम्ही ठरवता. पण कंपनीची घटना म्हणजे तिची नियमावली बदलणं वगैरे मोठ्या गोष्टींना स्पेशल ठराव लागतो, तिथे तीन चतुर्थांश मतं पाहिजेत. आणि शेअर हजारो लोकांत विखुरलेले असतील तर ५१ च्या खूप खाली राहूनही कंपनी हातात येते. निसान १९९९ मधे कर्जात बुडाली होती तेव्हा रेनॉने फक्त ३६.८ टक्के घेतले आणि तरी चावी त्यांच्याच हातात आली, रेनॉचा माणूस कार्लोस घोन तिकडे गेला, पाच कारखाने बंद करायचा आणि २१ हजार माणसं कमी करायचा प्लॅन जाहीर झाला.

मग २०१६ ला निसानने तोच खेळ मित्सुबिशीबरोबर केला, ३४ टक्के, २३,७०० कोटी येन. यातला किस्सा भारी आहे. मित्सुबिशी निसानसाठी छोट्या गाड्या बनवून द्यायची, त्यांच्या मायलेजचे आकडे जुळत नाहीत हे निसानच्याच लोकांच्या लक्षात आलं, बोंब झाली, मित्सुबिशीचा शेअर धाडकन पडला, आणि पडलेल्या भावात निसाननेच हिस्सा घेतला. आपल्याकडे असं कोणी शेजाऱ्याच्या शेताबाबत केलं असतं तर पोलीस पाटलाकडे प्रकरण गेलं असतं.

आता तुमच्या कामाचं. शेअर विकत घेणं आणि कारखाना विकत घेणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. शेअर घेतले की कंपनी तीच राहते, कायद्याच्या नजरेत तोच माणूस, फक्त घरातला कर्ता बदलला. म्हणजे जुनी वॉरंटी, जुनं कर्ज, जुन्या कोर्टकेसेस सगळं त्या कंपनीच्या अंगावर तसंच. पण हे नीट वाचा, त्या कंपनीच्या अंगावर, नव्या मालकाच्या नाही. नव्या मालकाचा जीव तेवढाच अडकलेला जेवढे पैसे त्याने शेअरमधे टाकलेत. उद्या वाटलं नको, तर तेवढ्यावर पाणी सोडून तो निघू शकतो.

कारखाना घेणं म्हणजे जनरल मोटर्सचं तळेगाव. त्यांनी २०१७ ला भारतात शेवरोले विकणं थांबवलं, पुढे २०२३ मधे ह्युंदाईने तळेगावचा प्लांट घ्यायचा करार केला. ह्युंदाईने जमीन, इमारती, मशिनरी घेतली. तुमच्या काकांच्या जुन्या शेवरोले बीटशी ह्युंदाईचा काही संबंध नाही. साणंदला फोर्डचा कारखाना टाटाने घेतला तो पण असाच.

तर बातमीत "हिस्सा" शब्द आहे का "प्रकल्प", हे आधी बघा.

पाचोरेकर_एमएच१९

हिस्सा घेतलाय, नवीन शेअर काढून कंपनीत पैसे टाकलेत असं लिहिलंय.

अमळनेरी_शेअरवाला

हे जरा बरं लक्षण. जुन्या मालकाकडून शेअर घेतले तर पैसा जुन्या मालकाच्या खिशात जातो, कंपनीच्या गल्ल्यात दमडी येत नाही. नवीन शेअर काढले तर पैसा कंपनीत येतो, त्यातून सप्लायरचे पैसे सुटतात. पार्ट मिळण्याचा संबंध तिथे आहे, सप्लायरचं बिल थकलं की पहिल्यांदा पार्ट बंद होतात.

आणि कोणाकडे त्या कंपनीचे शेअर असतील तर वेगळी भानगड. लिस्टेड कंपनीत कोणी २५ टक्क्यांची रेघ ओलांडली की सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमाने त्याला बाकीच्यांना किमान २६ टक्क्यांची ओपन ऑफर द्यावी लागते, म्हणजे तुमचे पण शेअर मी घेतो असं जाहीर करावं लागतं. २०२५ मधे महिंद्राने एसएमएल इसुझूचे ५८.९६ टक्के घेतले (ती बुडीत वगैरे नव्हती, फक्त नियम समजायला सांगतो, आपल्याकडच्या बऱ्याच स्कूलबस त्यांच्याच असतात). जुन्या मालकांना, म्हणजे सुमितोमो आणि इसुझूला शेअरमागे ६५० रुपये दिले, एकूण ५५५ कोटी. आणि आम जनतेला ओपन ऑफर १,५५४ रुपये ६० पैशांची! मोठ्यांना साडेसहाशे आणि आपल्याला दीड हजार, असं आयुष्यात एकदाच दिसतं.

सातपूर_रिटायर्ड

मी मूळचा एरंडोलचा, तीस वर्षं नाशिकला अंबड एमआयडीसीत काढली, पत्रा दाबून पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. आमचा माल गाडीच्या कारखान्यांना जायचा. त्यामुळे कागदावरची टक्केवारी मला फार कळत नाही, पण गेटवर काय होतं ते सांगतो.

सगळ्यात जवळचं उदाहरण सोडून तुम्ही जपान फिरून आलात. महिंद्रा आणि सँगयाँग. कोरियाची सँगयाँग, आधी चीनच्या एसएआयसीकडे होती, २००९ मधे दिवाळखोरीत गेली, प्योंगटेकच्या कारखान्यात कामगारांनी ७७ दिवस ठाण मांडलं, पोलीस हेलिकॉप्टर घेऊन आले. अशी कंपनी महिंद्राने २०११ मधे घेतली, ७० टक्के, ५२,२५० कोटी वॉन म्हणजे तेव्हाचे साधारण २,१०० कोटी रुपये. पुढच्याच वर्षी रेक्स्टन चाकणला जोडून इथे विकायला आणली. कोरियात २०१५ ला टिवोली काढली ती चालली, २०१६ ला सँगयाँगने नऊ वर्षांनी पहिल्यांदा वर्षाचा नफा दाखवला. आम्हाला वाटलं जमलं.

नंतर परत तोटा सुरू. मग एप्रिल २०२०, लॉकडाऊन, सगळ्यांच्याच पोटात गोळा. सँगयाँगला ५०,००० कोटी वॉन पाहिजे होते. महिंद्राच्या बोर्डाने नाही सांगितलं, फार तर ४,००० कोटी वॉन देऊ, बाकीचं तुमचं तुम्ही बघा. डिसेंबर २०२० ला सँगयाँग परत कोर्टात. २०२२ मधे कोरियातल्याच केजी ग्रुपने घेतली, आता नाव पण केजी मोबिलिटी.

म्हणजे मेहुण्यांना सांगा, मोठा मालक आला म्हणजे चांगले दिवस असं काही लिहून दिलेलं नसतं. ७० टक्क्यांचा मालक, नऊ वर्षं पैसे टाकलेला, तो सुद्धा एका बोर्ड मीटिंगमधे थांबला.

पण व्यापाऱ्यांचं पण खरं नाही. टिवोलीचा सांगाडा (प्लॅटफॉर्म) होता ना, एक्स १०० म्हणायचे, तो महिंद्राने आखूड करून चार मीटरच्या आत बसवला आणि फेब्रुवारी २०१९ ला नाशिकच्या कारखान्यातून एक्सयूव्ही ३०० काढली, इंजिन स्वतःचं. आता जी थ्री एक्सओ फिरते ती त्याच घराण्यातली. कंपनी सुटली, सांगाडा इथे राहिला. ज्या पार्टवर पुढची गाडी उभी राहते तो पार्ट बनतच राहतो. ज्या मॉडेलला पुढे वारस नाही त्याची डाय (पत्रा दाबायचा साचा) एक दिवस रॅकवर चढते आणि गंजते. मी स्वतः अशा डाय ग्रीस लावून, प्लास्टिकमधे गुंडाळून मागच्या शेडमधे ठेवल्यात, वर खडूने मॉडेलचं नाव आणि तारीख. परत काढायची वेळ दहातल्या दोनदा यायची.

तुम्ही एवढंच शोधा, तुमच्या गाडीतले किती पार्ट नव्या मालकाच्या चालू गाडीत लागतात किंवा लागणार आहेत.

धुळे_अठरा

काका, पण महिंद्राने नऊ वर्षं सांभाळून ऐन कोरोनात सोडलं हे बरोबर केलं का? बाप म्हणून घरात घेतलं आणि दुष्काळात बाहेर काढलं असं झालं ना.

सातपूर_रिटायर्ड

बाप वगैरे काही नसतं हो. इकडे नाशिकला पण लाईन बंद होती, इथल्या पोरांचे पगार होते. दोन्हीकडे आग लागल्यावर माणूस आधी कुठे पाणी टाकणार? कोरियातल्या कामगारांच्या जागी मी असतो तर शिव्याच दिल्या असत्या, ते पण खरं.

केळीवाला_सावदा

तुम्ही सगळे गाड्यांमागे लागले, ट्रॅक्टर विसरले. २००७ ला महिंद्राने पंजाब ट्रॅक्टर्स ताब्यात घेतली, म्हणजे आपला स्वराज. तेव्हा आमच्याकडे ७३५ होता, वडील म्हणे आता निळा ट्रॅक्टर बंद, सगळे लाल होतील, आत्ताच विकून टाक. २००९ मधे ती कंपनी महिंद्रात विलीन पण झाली. आज पण बांधावर जाऊन बघा, लाल वेगळा निळा वेगळा, डीलर वेगळा, आणि दोघांचे डीलर एकमेकांच्या नावाने बोटं मोडतात. मालक एकच हे निम्म्या गिऱ्हाईकांना माहिती सुद्धा नसतं. पंजाब ट्रॅक्टर्स काही बुडीत नव्हती म्हणा, पण सांगायचं हे की नाव चालत असेल तर नवा मालक त्याला हात लावत नाही.

आमचा ७३५ अजून चालतो. वडिलांना तेवढं बोलायचं नाही.

चौफुली_डिझेल

ह्युंदाई-किया कोणीच काढलं नाही? किया १९९७ ला बसली, १९९८ मधे ह्युंदाईने ५१ टक्के घेतले, फोर्ड पण रांगेत होती. नंतर हिस्सा कमी होत होत आता साधारण एक तृतीयांशच आहे, तरी दोघं एकाच ताटात जेवतात. सेल्टॉस आणि क्रेटाचं दीड लिटरचं डिझेल इंजिन एकच, आम्ही गॅरेजवाले एकाचंच शिकलो की दुसऱ्याचं येतं. हा खरा फायदा. टक्के कमी होऊनही लग्न टिकलं, आणि तिकडे ७० टक्के असूनही मोडलं.

पाचोरेकर, तुमची गाडी घेऊन या एकदा, नाव इथे नका लिहू, मला समोर दाखवा. गाडी पोटाखालून बघितली की निम्मं कळतं. आमच्याकडे अजिंठा चौफुलीला कोणीही उभा राहून सांगेल.

पाचोरेकर_एमएच१९

बरेच दिवसांनी येतोय, माफ करा, मधे लग्नसराई होती.

तर मी व्यापाऱ्यांना सांगितलं एक दिवस गाडी द्या, त्यांचा ड्रायव्हर घेऊन आला, सावदा-भुसावळ करत जळगावला चौफुलीवर नेली. चौफुलीवाले मिस्त्री आधी काही बोललेच नाहीत, बोनेट उघडलं, मोबाईलची बॅटरी मारून एकेका पार्टवरचे स्टिकर वाचायला लागले. मग खाली पोतं टाकून गाडीखाली गेले. बाहेर येऊन दुकानाच्या मागून एक जुनं, तेलकट लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा सस्पेन्शनचा दांडा) काढून आणलं, दुसऱ्या कंपनीच्या गाडीचं, म्हणजे ज्यांनी आता हिस्सा घेतलाय त्यांच्या नाही, तिसऱ्याच. ते माझ्या गाडीच्या लोअर आर्मला लावून दाखवलं, भोकं बरोबर जुळली, बुश पण तोच. मला म्हणे, "आपला सप्लायर एकच शे, कंपन्या फक्त नाव छापतस."

इंजिनचं तसंच निघालं, ते कंपनीचं स्वतःचं नाहीच, बाहेरून घेतलेलं आणि तेच इंजिन अजून दोन गाड्यांत आहे. त्यामुळे फिल्टर, बेल्ट, इंजेक्टरची काळजी नाही म्हणे. काळजी कशाची, तर हेडलाईट, बंपर, दाराची काच, मागचा दिवा आणि डॅशबोर्डमधला तो छोटा कंट्रोल युनिट. म्हणजे जे दिसतं आणि जे फक्त त्याच गाडीला बसतं ते. ठोकली तर रडाल, चालवली तर नाही, असं त्यांचं मत.

हे वाक्य घेऊन मी परत रावेरला गेलो. सातपूरवाल्या काकांचं पण डोक्यात होतंच, नव्या मालकाच्या पुढच्या मॉडेलबद्दल डीलरला विचारलं, त्याने काहीतरी गोल गोल सांगितलं, त्याला पण माहिती नसणार. शेवटी व्यापाऱ्यांना म्हटलं पाच ऐंशी नाही, सव्वापाच, आणि तुमच्याकडे जो जुना डावा हेडलाईट पडलाय (तो त्यांनी एकदा बदलला होता, बारीक तडा आहे पण लागतो) तो पण पाहिजे. ते हसले. पाच चाळीसला तोडलं, हेडलाईटसकट. त्यांच्या गाडीवरच्या कर्जाची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि आरसीवरून कर्जाची नोंद काढायचा फॉर्म ३५ आधी हातात घेतला, मग गाडी नावावर करायच्या फॉर्म २९-३० वर सह्या.

एक्स्टेंडेड वॉरंटी अकरा महिने शिल्लक आहे, ती माझ्या नावावर होते का ते डीलरकडून लेखी मागितलंय, अजून आलेलं नाही, दर चार दिवसांनी फोन करतो.

अमळनेरी_शेअरवाला

फोन करू नका, मेल करा. फोनचा कागद होत नाही.

धुळे_अठरा

मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं घेऊन टाक 😄

केळीवाला_सावदा

हो, पण तू पाच ऐंशीला सांगितलं होतं. पाचोरेकर भाऊ, सावद्यावरून गेले आणि चहाला थांबले नाही, हे काही बरोबर नाही.

पाचोरेकर_एमएच१९

ड्रायव्हर सोबत होता बापू, तो मिनिटं मोजत होता. आता गाडी माझी आहे, पुढच्या गुरुवारी येतो.